दिवाळी आणि दिवाळे



दिवाळीच्या अमावास्येला पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढतो आणि संध्याकाळी घरोघरी वहीपूजन होते. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या दिवाळीत मी नवीन वहीवर कुंकवाने श्री काढत होते. मी नुकतीच बी.कॉम. झाले होते आणि डोक्यात मर्कंटाईल लॉ ताजा होता. हौसेने म्हणाले, "आत्याबाई, दिवाळी आणि दिवाळे हे शब्द किती जवळचे, नाही?" सासूबाईंनी पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "आज ते नाव घेऊ नये," एवढेच म्हणाल्या आणि दिव्यात तेल घालायला उठल्या.

त्या का उठल्या ते मला पुष्कळ वर्षांनी कळले. ते पुढे सांगते. आज लिहायचे कारण असे की गेल्या वर्षभरात नात्यातल्या आणि मंदिरातल्या तीन घरांत कर्जाचे संकट मी जवळून पाहिले. तिन्ही घरांत पैसा संपल्याचे कळण्याआधी बोलणे संपले होते. नवरा बायकोला सांगत नव्हता, बायको सासूला सांगत नव्हती. म्हणून म्हटले, आपल्या लोकांनी तोंडावर हात ठेवलेल्या या शब्दाचा इतिहास एकदा नीट सांगावा.

दिवसा लावलेला दिवा

जुन्या काळी व्यापाऱ्याला देणी भागवणे अशक्य झाले, की तो भर दिवसा आपल्या पेढीत दिवा लावून ठेवी, अशी चाल सांगतात. रस्त्याने जाणाऱ्याला उजेडात जळणारा दिवा दिसला की तो काय ते समजे. घेणेकरी येत, माल आणि वह्या पाहत आणि जे असेल ते वाटून घेत. 'दिवाळे' हा शब्द या दिव्यावरूनच आला असे मानतात. व्युत्पत्तीचा वाद पंडितांनी घालावा. मला त्या चालीतला अर्थ मोठा वाटतो. दिवा लावणारा माणूस काही लपवत नव्हता. "माझ्याकडे आता एवढेच उरले आहे, या आणि पाहा," असे तो न बोलता सांगत होता.

आपल्याच परंपरेतला एक माणूस असा उघडपणे बोलून गेला आहे. कविवर बनारसीदास यांचा जन्म १५८६ चा, जौनपूरचा. ते श्रीमाळ जैन घराण्यातले. समयसारावरचे त्यांचे काव्य आपल्यापैकी पुष्कळजणी स्वाध्यायात वाचतात. त्यांनी १६४१ मध्ये 'अर्धकथानक' नावाने स्वतःचे चरित्र लिहिले. त्यात आपला व्यापार कसा बुडाला, आग्ऱ्यात खिशात काही उरले नाही तेव्हा कचोरीवाल्याकडे कित्येक महिने उधारीवर कसे जेवलो, हे त्यांनी सरळ सांगितले आहे. एके दिवशी त्यांनी त्या कचोरीवाल्याला एकटे गाठून खरे सांगून टाकले की माझ्याजवळ द्यायला काही नाही, तू आता उधार देऊ नकोस. तरी त्याने खाऊ घालणे थांबवले नाही. पुढे हात मोकळा झाल्यावर बनारसीदासांनी त्याचा हिशेब चुकता केला. एवढ्या मोठ्या विद्वानाला हे लिहिताना लाज वाटली नाही, आणि ते लिहिल्याने त्यांची थोरवी कमीही झाली नाही.

फाशी आणि माफी एकाच कायद्यात

आज आपल्याकडे नादारीचा जो कायदा आहे त्याचे मूळ मात्र इंग्लंडात आहे. तिथे १५४२ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात पहिला कायदा झाला. त्यात बुडालेला व्यापारी हा गुन्हेगारच मानला होता. त्याचे सगळे विकून घेणेकऱ्यांत वाटायचे, आणि तरी उरलेले कर्ज त्याच्या मानेवर तसेच राहायचे.

मोठा बदल १७०५ मध्ये राणी ॲनच्या काळात झाला. ज्याने आपली सगळी मालमत्ता खरी दाखवली आणि घेणेकऱ्यांना साथ दिली, त्याचे उरलेले कर्ज माफ होऊ लागले. त्याच कायद्यात दुसरी बाजूही होती. जो मालमत्ता लपवून फसवेल, त्याला देहांताची शिक्षा. किती कठोर! फाशीचे समर्थन मी कधीच करणार नाही, आपण अहिंसेचे लोक. पण त्या कायद्याने एक रेघ प्रथमच स्पष्ट ओढली. कर्ज न फिटणे वेगळे आणि खोटे वागणे वेगळे. पहिल्यातून वाट आहे, दुसऱ्यातून नाही.

ही सवलत तेव्हा व्यापाऱ्यांपुरतीच होती. साध्या नोकरदाराने पैसे थकवले तर घेणेकरी त्याला तुरुंगात टाकू शकत. चार्ल्स डिकन्स या प्रसिद्ध लेखकाचे वडील १८२४ मध्ये लंडनच्या मार्शलसी तुरुंगात कर्जापायी गेले होते. बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात कामाला लागला. काही महिन्यांनी वडील नादारांसाठीच्या कायद्याखाली सुटले, पण मुलाच्या मनावरचा तो घाव जन्मभर राहिला. तुरुंगात कोंडलेला माणूस कमावणार कसा आणि कर्ज फेडणार कसे, एवढा साधा प्रश्न त्या लोकांना पडायला फार वर्षे लागली.

राजाबाई टॉवरची सावली

इंग्रजांनी आपला कायदा इकडेही आणला. १८२८ मध्ये कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांसाठी नादारांची न्यायालये सुरू झाली. १८४८ मध्ये त्यासाठी नवा कायदा झाला. त्याची खरी परीक्षा झाली १८६५ मध्ये.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअर्सवर लोक वेड्यासारखे तुटून पडले. बॅक बे कंपनीचे नाव तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी होते. या सगळ्याच्या मध्यभागी होते सुरतेहून आलेले आपले जैन शेठ प्रेमचंद रायचंद. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकवायची वेळ आली तेव्हा कोणाकडेच पैसे नव्हते. एकाने दुसऱ्याला बुडवले, दुसऱ्याने तिसऱ्याला. बँक ऑफ बॉम्बेसारखी सरकारी भागीदारीची बँकही त्या धक्क्यातून वाचली नाही, १८६८ मध्ये तिची नव्याने स्थापना करावी लागली. प्रेमचंद शेठही बुडाले.

तुम्ही मुंबईला विद्यापीठाचा राजाबाई टॉवर पाहिला असेल. तो प्रेमचंद शेठांनी भरभराटीच्या दिवसांत दिलेल्या दानातून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव आहे. आईला दिसत नसे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचा नियम तर पक्का, म्हणून घड्याळाचे टोले तिला ऐकू यावेत अशी त्यामागची कथा सांगतात. टॉवर पूर्ण झाला १८७८ मध्ये, शेठ बुडाल्यानंतर बारा-तेरा वर्षांनी. गंमत पाहा, त्यांचे दिवाळे आज कोणाला आठवत नाही, टोले मात्र ऐकू येतात. शेठ त्यानंतर चाळीस वर्षे जगले, पुन्हा व्यापारात उभे राहिले आणि १९०६ मध्ये गेले.

त्याच पडझडीत जमशेटजी टाटा हे तरुण लंडनला होते. वडिलांच्या पेढीची हुंडी-कागदपत्रे त्यांच्या हातात रद्दी झाली. पळून न जाता ते बँकवाल्यांसमोर गेले आणि सगळा हिशेब खरा मांडला. त्याचा परिणाम असा झाला की घेणेकऱ्यांनी त्या पेढीचे देणे-घेणे मिटवण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले, तेही पगार देऊन! टाटांचे पुढचे सगळे आपल्याला माहीत आहे. त्याची सुरुवात अशी आहे हे फारजणींना माहीत नसेल.

सुप्याच्या बाजारातली होळी

आता आपल्याला न आवडणारे एक पान. कापसाचा भाव पडल्यावर फक्त मुंबईचे शेठ बुडाले नाहीत. दख्खनचा शेतकरीही बुडाला. तेजीच्या दिवसांत सावकारांनी त्याला सढळ हाताने कर्ज दिले होते, सरकारने सारा वाढवला होता, आणि आता सावकारांनी हात आखडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर गेले. त्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. त्यांची होळी झाली. आसपासच्या गावांत हेच लोण गेले. ते सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजर होते. म्हणजे आपल्याच नात्यागोत्याचे लोक त्यात होते हे मान्य करायला हवे.

आपण ज्या वहीची पूजा करतो, त्याच वहीची कुणीतरी होळी करतो, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. आपल्या धर्मशास्त्रात आणि हिंदू व्यवहारात दामदुपटीचा नियम होता, की एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यात न्यायालयेही तो मानत. पण जुने कागद फाडून व्याजासकट नवा कागद केला की नियम गुंडाळून ठेवता येई. लोभाला पळवाट सापडतेच.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणे त्याने बंद केले आणि साध्या शेतकऱ्यालाही नादारीचा अर्ज करण्याची वाट दिली. जी वाट आजवर मुंबईच्या शेठला होती, ती गावच्या कुणब्याला मिळाली.

आमच्या घरची पेटी

पुढे १९०९ मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी आणि १९२० मध्ये बाकीच्या मुलखासाठी नादारीचे कायदे झाले. या १९२० च्या कायद्याशी आमच्या घराचा संबंध आहे.

सासूबाई थकल्यावर एकदा त्यांनी मला माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला सांगितली. त्यात सोलापूरच्या कोर्टाचा एक कागद होता. माझे आजेसासरे सुताचा व्यापार करत. १९३० नंतरच्या मंदीत भाव कोसळले, विणकरांकडची उधारी बुडाली आणि १९३३ मध्ये त्यांनी नादारीचा अर्ज केला. तेव्हा पाचशे रुपयांवर कर्ज असले की अर्ज करता येई. घर विकले गेले, दुकानातला माल रिसीव्हरने ताब्यात घेतला. वह्या मात्र त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत चोख लिहिल्या होत्या.

त्या वह्यांनीच त्यांना तारले. कारण कर्जमुक्तीचा हुकूम मागताना कोर्ट काही गोष्टी पाहते. मागच्या तीन वर्षांच्या वह्या नीट ठेवल्या होत्या का? आपण बुडालो आहोत हे कळल्यावरही उधारीवर व्यापार चालू ठेवला का? सट्टा, जुगार, उधळपट्टी केली का? रुपयात आठ आणे तरी घेणेकऱ्यांना मिळतील एवढी मालमत्ता उरली का, आणि नसेल तर त्यात याचा दोष आहे का? यात खोट निघाली तर पूर्ण मुक्ती मिळत नाही. आमच्या घेणेकऱ्यांना रुपयात नऊ आणे मिळाले आणि दोन वर्षांनी मुक्तीचा हुकूम झाला.

पेटीत आणखी एक छोटी वही होती. कायद्याने सुटल्यावर आजेसासऱ्यांनी दुसऱ्याच्या पेढीवर दिवाणजीची नोकरी धरली आणि पगारातून थोडे थोडे करून एका विधवा बाईची ठेव पुरी फेडली. शेवटची रक्कम १९४४ ची आहे. कोर्टाने ते देणे माफ केले होते. त्यांनी स्वतःला माफ केले नव्हते.

हे इतके स्वच्छ असताना सासूबाई तो शब्द का टाळत? कारण लग्नाआधी त्यांच्या घरी कुणीतरी "दिवाळखोराच्या घरात मुलगी देता?" असे विचारले होते. ते त्या विसरल्या नव्हत्या.

माझ्या माहेरी उलटे झाले. माझे एक चुलत मामा कर्जापायी एका रात्री गाव सोडून गेले. घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी घर सोडणे हेच या कायद्यात नादारीचे कृत्य धरले आहे, म्हणजे मग घेणेकरीच कोर्टात अर्ज करू शकतो. तसेच झाले. घर गेले ते गेलेच, शिवाय वह्या समजावून सांगायला कोणी नव्हते. मामी भावाच्या घरी आयुष्यभर राहिली. कपाळाला कुंकू लावत असे आणि कोणी आले की आत जात असे.

आपण बायकांनी काय लक्षात ठेवावे

मी वकील नाही. पण कायद्यातल्या काही गोष्टी प्रत्येकीला माहीत हव्यात.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची आहे. तिच्याप्रमाणे अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. मंगळसूत्राकडे कोणी बोट दाखवले तर घाबरू नका. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पुरुषाच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये सांगितले आहे की ज्याच्याकडे खरोखर नाही आणि ज्याने लबाडी केली नाही, त्याला केवळ गरिबीसाठी तुरुंगात टाकता येणार नाही. न वटलेल्या चेकची गोष्ट मात्र निराळी, तो फौजदारी मामला आहे.

नवऱ्याचे कर्ज बायकोचे होत नाही, तिने सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली नसेल तर. तो गेल्यावर त्याच्या मागे जे राहिले त्यातून कर्ज फिटते, तुमच्या स्त्रीधनातून नाही. म्हणून कागद न वाचता सही करू नका. "अगं, फॉर्मॅलिटी आहे," असे म्हटले की आधी चष्मा शोधा. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य म्हणून पूर्वी कोर्टही मानत असे. २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जाला ते लागू नाही.

आणि एक उलटी गोष्ट. घर वाचवायला ते घाईने बायकोच्या नावावर करून ठेवायची युक्ती पुष्कळजण सांगतात. पुढच्या दोन वर्षांत नादारीचा अर्ज झाला तर असे फुकटचे हस्तांतर कोर्ट रद्द करू शकते, आणि वर लबाडीचा शिक्का बसतो.

२०१६ मध्ये नवीन दिवाळखोरी संहिता आली. तिच्यात अगदी लहान कर्जदारांसाठी नव्याने सुरुवात करून देणारी तरतूद लिहिली आहे. पण व्यक्तींसाठीचा भाग फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना, डिसेंबर २०१९ पासून, लागू केला आहे. बाकी साध्या माणसाला अजून १९०९ आणि १९२० चेच कायदे. ही वाट सोपी नाही. वर्षे जातात, मालमत्ता जाते, नवे कर्ज मिळणे अवघड होते. गहाण ठेवलेल्या घरावर बँकेचा हक्क राहतोच. सरकारी देणे आणि फसवून घेतलेले कर्ज तर मुक्तीच्या हुकुमानेही सुटत नाही. पण वाट आहे, आणि रेल्वेच्या रुळापेक्षा किंवा विहिरीपेक्षा ती हजारपट चांगली आहे.

गेल्या वर्षी नात्यातली एक सूनबाई माझ्याकडे रडत आली. नवऱ्याने मोबाइलवरून कर्जावर कर्ज घेतले होते, दिवसभर वसुलीचे फोन येत होते, तो जेवत नव्हता. मी दोघांना समोर बसवले आणि एक कोरी वही दिली. कोणाचे किती, व्याज किती, आपल्याकडे काय, सगळे लिहा म्हटले. चार तास लागले. लिहून झाल्यावर तो मुलगा पहिल्यांदा म्हणाला, "काकू, भूक लागली." मग वकिलाकडे गेले. नादारीच्या अर्जाची तयारी आहे हे कळल्यावर दोन घेणेकरी बोलणीला आले आणि हप्ते कमी झाले. अजून फेडतोय. झोपतो मात्र नीट.

आपण प्रतिक्रमणात काय करतो? आपल्या हातून काय झाले ते गुरूंपुढे न लपवता सांगतो, त्याला आलोचना म्हणतो. मग प्रायश्चित्त घेतो आणि पुढे चालू लागतो. नादारीचा कायदाही माणसाकडून तेवढेच मागतो. सगळे सांग, जे आहे ते दे, मग जा. आपली जीभ व्रते सांगताना परिग्रह-परिमाणावर अडखळत नाही, तर कर्जाचा आकडा सांगताना का अडखळावी? आणि आपण घेणेकऱ्याच्या बाजूला असू तेव्हा सुप्याची आठवण ठेवावी. क्षमावाणीच्या दिवशी हात जोडतो, ते वहीसमोरही जोडता यायला हवेत.

यंदाच्या वहीपूजनाला मी ती पत्र्याची पेटी खाली काढून आजेसासऱ्यांची छोटी वही नव्या वहीशेजारी ठेवणार आहे. नातीने विचारले तर तो शब्दही सांगणार आहे.